लेथचे कॉलेट आणि चेलनाचे स्थळ

सन १९९८, डिसेंबर महिन्यातला दुसरा रविवार, दुपारपासून सूर्यास्तापर्यंत. स्थळ, सांगलीत विश्रामबागेच्या बाजूला असलेल्या माझ्या घरामागची पत्र्याची खोली. वेळ आणि जागा प्रारंभीच निश्चित करून ठेवतो, कारण हा प्रसंग आमच्या घरात पुष्कळांनी पुष्कळ प्रकारे सांगितला आहे, आणि त्यांतल्या बहुतेक आवृत्त्यांत मी होतो त्याहून अधिक हास्यास्पद दिसतो.

अकलंक मगदूम त्या खोलीच्या उंबऱ्याशी चपला काढत होता आणि मी त्याला काढू नका असे सांगत होतो. जमिनीवर पितळेचा कीस पडलेला होता, आणि पितळेचा कीस तळपायात गेला म्हणजे कोणाचाही आदरभाव फार काळ टिकत नाही. त्याने एकदा जमिनीकडे पाहिले, एकदा माझ्याकडे पाहिले, आणि चपला पुन्हा घातल्या. मुलीच्या मामासमोर चपला घालून उभा राहिलेला तो पहिला उमेदवार.

कोल्हापुरात, उद्यमनगरात, त्याच्या वडिलांची टूलरूम, म्हणजे कारखान्यांना हत्यारे आणि साचे करून देणारे वर्कशॉप, होती आणि तो तिथेच काम करत असे. त्याला घेऊन त्याचे आईवडील आधीच्या आठवड्यात येऊन चेलनाला पाहून गेले होते. त्यांचा होकार होता. चेलना ही माझी भाची, वकिलीच्या शेवटच्या वर्षाला. तिचाही होकार होता, आणि तो तिने लपवलेला नव्हता. राहिलो होतो एकटा मी. चेलनाचे वडील ती लहान असतानाच गेले. तेव्हापासून ती आणि तिची आई राजमती, म्हणजे माझी थोरली बहीण अक्का, माझ्याकडे राहत. मी अविवाहित, एका तंत्रशाळेत यंत्ररेखन शिकवून निवृत्त झालेला. 'मामाचं मत' हा आमच्या घरातला एक स्वतंत्र विधी होऊन बसला होता, आणि त्या विधीत आधीची दोन स्थळे मोडली होती.

दोन्ही वेळा न्याय माझ्या बाजूला होता, असे मी आजही म्हणतो. पहिला मुलगा मी जे बोलेन त्याला मान डोलवत असे. मी म्हणालो, पोलाद उन्हाळ्यात कापावे. तो म्हणाला, अगदी बरोबर. थोड्या वेळाने मी म्हणालो, पोलाद हिवाळ्यातच कापावे. तेही त्याला अगदी बरोबर वाटले. दुसरा काही काळ झुंजला, आणि मग घड्याळाकडे पाहत म्हणाला, "जाऊ द्या, तुमचंच खरं." मराठी भाषेत याहून अपमानकारक वाक्य नाही. समोरच्याचे म्हणणे पटले असता माणूस हे वाक्य उच्चारत नाही. समोरच्याशी बोलणे निरर्थक आहे असे ठरवल्यावर उच्चारतो. असा नवरा चेलनासारख्या मुलीला पहिल्या महिन्यातच "तुझंच खरं" म्हणाला असता, आणि त्या घरात पुन्हा संभाषण झाले नसते.

या वेळी मात्र चेलनाने मला आदल्या दिवशीच बजावले होते. ती रडली नाही की रुसली नाही. शांतपणे म्हणाली, "मामा, मला हा मुलगा आवडलाय. तुम्ही नको म्हणालात तर मी ऐकेन. पण त्यानंतर तुमच्याशी कधी वाद घालणार नाही. तुम्ही म्हणाल ते हो."

ज्यांनी एखाद्या मुलीला पाचव्या वर्षापासून वाद घालायला शिकवले असेल, त्यांनाच या धमकीचे वजन कळेल.

तर अशा स्थितीत मी अकलंकला माझा लेथ दाखवला. लेथ म्हणजे वस्तू फिरती ठेवून कातण्याचे यंत्र; माझा लहान, टेबलावर मावणारा. त्याला तीन जबड्यांचा चक होता, आणि काम, म्हणजे कातायची वस्तू, धरण्याची ती पद्धत मला पुष्कळ दिवस असह्य झाली होती. चकमधून वस्तू एकदा काढली की पुन्हा तशीच मधोमध बसत नाही, आणि गुळगुळीत केलेल्या पृष्ठभागावर जबड्यांचे वळ उठतात ते वेगळेच. याला उपाय म्हणजे कॉलेट: चिरा पाडलेली पोलादी नळी, जी निमुळत्या खोबणीत दाबली गेली की चहूबाजूंनी सारखी मिटते आणि आतल्या दांड्याला, मूठ मिटावी तशी, वळ न उठवता धरते. कॉलेट घ्यायचे हे ठरले होते. कोणते घ्यायचे, हा वाद मी कित्येक महिने स्वतःशीच चालवला होता. एक प्रकार ओढीच्या कॉलेटचा. ते लेथच्या पोकळ स्पिंडलमध्ये, म्हणजे फिरत्या आसात, बसते, आणि मागच्या टोकाकडून लांब बोल्टने ओढून आवळतात. ते एकाच मापाचे काम धरते, पण धरते ते निर्दोष. दुसरा नटाचा, त्याला कारखान्यात ईआर म्हणतात. ते पुढून नटाने आवळायचे, आणि ते थोड्याफार कमी जाडीच्या कामावरही मिटते. मी ओढीच्या बाजूने निर्णय केलेला होता. तो मी कोणाला सांगितला नव्हता. परंतु घरात राहणाऱ्या माणसाची मते भिंतींनाही कळतात.

"या यंत्राला कोणतं कॉलेट घ्यावं, तुमचं काय म्हणणं?" मी विचारले.

अकलंकने स्पिंडलच्या तोंडात बोट फिरवून पाहिले. मग म्हणाला, "ओढीच्या कॉलेटच्या बाजूनं बरंच बोलता येईल की, मामा."

मला तत्काळ संशय आला. माझे मत, माझ्याच घरात, माझ्याच तोंडावर मला परत मिळत होते. चेलनाने ते पुरवले असणार, आणि हा त्या मान डोलवणाऱ्या पहिल्या मुलाचाच सुधारलेला अवतार असणार. अशा माणसाची परीक्षा करण्याचा एकच मार्ग शास्त्रशुद्ध आहे: आपण विरुद्ध पक्ष घ्यावा आणि तो मान कोणत्या दिशेने हलवतो ते पाहावे. म्हणून मी, ज्याने नटाच्या कॉलेटला आयुष्यात कधी चांगले म्हटले नव्हते, त्याच्या बाजूने उभा राहिलो.

त्याने मान हलवली नाही. तो वाद घालू लागला.

पुढचा दीड तास मी सविस्तर सांगत नाही. ज्यांना लेथ ठाऊक नाही त्यांना तो लांब वाटेल, आणि ज्यांना ठाऊक आहे ते मधेच आपला मुद्दा घालतील. त्याने ओढीच्या कॉलेटचा साधेपणा मांडला: मध्ये काही जोडकाम नाही, यंत्राच्या तोंडातच ते बसते, म्हणून चूक शिरायला जागाच नाही. मी त्यावर विचारले की एकेका मापाला एकेक कॉलेट घ्यायचे तर ठेवायचे कुठे, माझ्या अंथरुणात? तो म्हणाला, भिंतीवर फळी मारून देतो. मी म्हणालो, माझ्या पेटीतले दांडे सगळे मोडीतले, त्यांपैकी एकाचेही माप ठरावीक नाही. तो म्हणाला, मग दांडे नीट मापाचे आणावेत; मोडीला साजेसे हत्यार शोधण्यापेक्षा हत्याराला साजेसा माल शोधणे बरे. हा प्रहार चांगला होता. त्याने मला आनंद झाला, आणि तो आनंद मी चेहऱ्यावर दिसू दिला नाही.

"एकाच मापाला चोख वागणारी वस्तू," मी म्हणालो, "आणि एकाच मापाला चोख वागणारा माणूस, दोघांशी संसार करणं कठीण."

"संसाराचं मला सांगता येणार नाही मामा, अजून झालेला नाही," तो म्हणाला. "कॉलेटचं तेवढं सांगतो."

खोलीच्या खिडकीबाहेर कोणीतरी हसले. चेलना तिथे वाळत घातलेले कपडे काढत होती. निदान मघापासून एकाच चादरीच्या घड्या घालत होती.

मी अधिकाधिक रंगत गेलो. माझ्या खऱ्या मताच्या विरुद्ध इतके उत्तम मुद्दे अस्तित्वात आहेत याची मला कल्पना नव्हती. ते मला एकेक करून सापडत होते, आणि सापडत होते तसे पटतही होते. अखेरीस अकलंकने आपल्या पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली पुरचुंडी काढली. आत ओढीचे एक कॉलेट होते, आणि नटाचे एक, त्याच्या धारकासकट; दोन्ही माझ्या स्पिंडलला बसणारी.

"बोलून किती बोलणार," तो म्हणाला. "काम लावून बघूया."

काम तयारच होते. अक्काच्या पोथीला घडीचा लाकडी स्टँड होता. त्याच्या बिजागरीच्या दोन खिळ्या झिजल्या होत्या, आणि त्या पितळेच्या नव्या करायच्या होत्या. दोन तुकडे कापून ठेवलेले होते. आम्ही ओढीच्या कॉलेटने आरंभ केला. त्याने तुकडा आत सरकवला, मागचा बोल्ट आवळला, आणि काम जरा जरी वाकडे फिरले तरी हलणारा डायलचा काटा लावून मी हाताने स्पिंडल फिरवले. काटा जागचा हलला नाही. इतका निश्चल काटा मी माझ्या यंत्रावर कधी पाहिला नव्हता. अंतःकरण माझे त्या काट्याबरोबर होते आणि जीभ विरुद्ध पक्षाला बांधलेली. अशा अवस्थेत मनुष्य खोकतो, म्हणून मी खोकलो.

दोन्ही खिळ्यांची एकेक बाजू कातून झाली. आता त्या उलट्या धरून दुसरी बाजू कातायची. आणि इथे माझा विजय उभा राहिला. कातलेला भाग मूळ मापाहून बारीक झालेला होता. ओढीचे कॉलेट त्यावर मिटेना. खिळी आत खुळखुळू लागली.

"निम्मं काम," मी म्हणालो. "निर्दोष, पण निम्मं."

"याला पुढच्या मापाचं कॉलेट लावायचं."

"ते कुठं आहे?"

"कोल्हापुरात," तो म्हणाला, आणि हसला. हरताना हसणारा माणूस मला नेहमी संशयास्पद वाटतो, तरी मी ती नोंद तात्पुरती बाजूला ठेवली.

मी नटाचे कॉलेट चढवले. खिळी आखूड होती. कॉलेटच्या तोंडापाशी जेमतेम धरली जात होती. मी पान्याने नट आवळणार, इतक्यात त्याने माझ्या मनगटावर हात ठेवला.

"थांबा मामा. आत मागं ही घाला आधी," असे म्हणून त्याने जोडीची दुसरी खिळी पुढे केली.

ही गोष्ट वाचकाला सांगणे आवश्यक आहे. नटाच्या कॉलेटमध्ये आखूड काम नुसते तोंडाशी धरले तर मागचा रिकामा भाग जास्त मिटतो, पुढचा फाकतो, आणि काम तिरके होते. मागे त्याच जाडीचा दुसरा तुकडा घातला म्हणजे ते सरळ मिटते. मला हे पुस्तकी माहीत होते, पण वादाच्या भरात आठवले नव्हते. तो गप्प राहिला असता तर काटा नाचला असता आणि माझा पक्ष तिथेच कोसळला असता. त्याने माझा पक्ष उभा केला. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्याहून चांगले मांडावे आणि मगच त्याचे खंडन करावे, हा आपल्या जुन्या पंडितांचा दंडक. तो मी शाळेत अनेक वर्षे मुलांना सांगितला आणि कोणीही पाळलेला पाहिला नाही. मी त्याला याचे कारण विचारणार होतो. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून अक्काची हाक आली.

आम्ही दिगंबर जैन. सूर्यास्तानंतर अक्का अन्नाचा कण घेत नाही, आणि तिच्या घरात दुसऱ्या कोणाला मिळतही नाही. डिसेंबरातला दिवस लहान. अक्काने सकाळपासून पुरणपोळीचा घाट घातला होता. पाहुणा न जेवता गेला तर कोल्हापूरपर्यंत त्याचा एकच अर्थ लावला जाणार होता, आणि तो अर्थ काय, हे सांगण्याची गरज नाही.

अकलंकने तत्काळ हातातला पाना खाली ठेवला. तो एका वाक्याच्या मध्यावर होता. ते वाक्य त्याने तिथेच सोडले.

"चला मामा. उरलेलं जेवल्यावर."

"सिद्धान्त अर्धवट टाकून?" मी म्हणालो. "अरे, आता काटाच लावायचा राहिलाय."

"काटा थांबतोय. सूर्य थांबायचा नाही," असे म्हणून तो हात धुवायला गेला. मी मात्र थांबलो. मागे दुसरी खिळी घातली, नट आवळला, काटा लावला, फिरवले. काटा हलला, पण इतका थोडा की प्रामाणिक माणसालाच दिसावा. दुसरी बाजू कातून होईपर्यंत अक्काने आणखी किती हाका मारल्या याविषयी घरात मतभेद आहेत. मी ऐकली ती एकच.

खिळी हातात घेऊन मी आत गेलो तेव्हा पाने वाढलेली होती, खिडकीतून येणारे ऊन समोरच्या भिंतीवर वर चढले होते, आणि अकलंक पाटावर, अन्नाला हात न लावता, माझी वाट पाहत बसला होता. मी खिळी त्याच्या पानाशेजारी ठेवली, माझ्या पाटावर बसलो आणि म्हणालो की निर्णय झाला. या यंत्राला नटाचेच कॉलेट योग्य, आणि उद्याच मी ते मागवतो.

चेलना कटाची आमटी वाढत होती. ती आईकडे वळून म्हणाली, "झालं. मी म्हणत होते की नाही?"

"काय म्हणत होतीस?" मी विचारले.

तिने पळी खाली ठेवली. साक्षीदाराने घोळ न घालता सरळ जबाब द्यावा तसे तिने सांगितले. माझ्या पेटीतल्या मोडीच्या दांड्यांना नटाचेच कॉलेट सोयीचे, हे अकलंकचे मत पहिल्यापासून होते. आईवडिलांबरोबर आला तेव्हा त्याने खिडकीतून लेथ आणि पेटी दोन्ही पाहिली होती. त्याने तसे सांगितले असते तर मी ओढीच्या बाजूने उभा राहिलो असतो आणि मरेपर्यंत खाली बसलो नसतो. म्हणून तिने त्याला सुचवले की ओढीची बाजू घे. मामा आपोआप पलीकडे जातील.

भिंतीवरचे ऊन आणखी थोडे वर गेले. मी पानापासून हात मागे घेतला. घरचा कर्ता पुरुष जेवत नाही म्हटल्यावर पाहुण्यानेही घास उचलला नाही, आणि अक्का माझ्याकडे बघत राहिली.

"म्हणजे दीड तास तू खोटं बोललास," मी अकलंकला म्हणालो.

"नाही मामा. ओढीच्या बाजूनं बोलता येईल, इतकंच म्हणालो. जे बोललो ते सगळं खरं आहे. त्या कॉलेटची तेवढी लायकी आहेच."

"साक्षीदारानं मत दिलंच नव्हतं," चेलना म्हणाली. "तुम्ही गृहीत धरलंत. आणि मामा, तुमचं तरी मत नटाचं कुठं होतं?"

या प्रश्नाला उत्तर आहे. ते मी पुढच्या वादासाठी राखून ठेवले. मी दुसऱ्या मुद्द्याकडे वळलो. त्याच्या उत्तरावर सगळे अवलंबून होते, हे त्या खोलीत सर्वांना समजले असावे, कारण चेलनाचा चेहरा प्रथमच उतरला.

"आणि ती मागं घालायची खिळी? तीही हिनंच शिकवली? मला जिंकवायला?"

अकलंक थोडा अवघडला. म्हणाला, "नाही. तिला त्यातलं काय माहीत? तुम्ही तसंच आवळलं असतं तर कॉलेटचं तोंड फाकलं असतं. कॉलेट बाबांचं आहे. त्यांना न विचारता आणलंय."

मी त्याच्याकडे पाहिले. त्याला सहज म्हणता आले असते की मामांचा पक्ष दुबळा राहू नये म्हणून दिली. मी स्वतः ते कारण मनात त्याच्यासाठी घडवून, घासूनपुसून तयार ठेवले होते. त्याने नुसते उचलायचे होते. त्याने उचलले नाही. मला बरे वाटेल असा एक शब्द बोलण्याची संधी या माणसाने, लग्न पणाला लागलेले असताना, बापाच्या कॉलेटपायी घालवली.

मी घसा साफ केला. माझे मत तयार झाले होते, आणि ते मी रीतीने मांडणार होतो: प्रथम त्याच्यावरचे आक्षेप, मग त्यांचा परिहार, मग निष्कर्ष. "प्रथमतः असं पाहा," मी म्हणालो, "की या प्रकरणाला दोन—"

"भूपाल," अक्काने मला मधेच तोडले.

ती उठून खिडकीशी गेली होती. तिने बाहेर सूर्याकडे पाहिले, मग अकलंककडे, आणि तुपाची वाटी उचलून त्याच्या पोळीवर धार धरली.

"वाद घालतो, पण हाक मारली की थांबतो. असा पुरुष या घरात आजवर झाला नाही. मुलगा पसंत आहे. जेवा."